मूळ गाव नसलेले फूल: जपानच्या नदीकाठची मात्सुयोइगुसा

जपानमध्ये जुलै महिन्यात दिवस मावळला की नदीच्या गोट्यांनी भरलेल्या पात्रात, रेल्वेच्या भरावावर आणि समुद्रालगतच्या वाळूत वाढलेल्या उंच रोपांवर पिवळी फुले उमलू लागतात. बहुतेक फुलांचे उमलणे आपल्या नकळत होते. हे फूल मात्र डोळ्यांदेखत उमलते. दिवसभर घट्ट मिटलेल्या कळीचा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे आवरण, आधी एका बाजूने उकलतो, मग त्याची चारही दले झटक्यासरशी खाली वळतात, आणि एकमेकींभोवती पीळ घातलेल्या पाकळ्या सुटत सुटत एक-दोन मिनिटांत सात-आठ सेंटिमीटर रुंदीचे फिकट पिवळे फूल पुरते उघडते. रात्रभर ते तसेच राहते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढू लागले की मलूल होते. दुसऱ्या संध्याकाळी त्याच दांड्यावरच्या वरच्या कळ्यांची पाळी येते.

या वनस्पतीला जपानी भाषेत मात्सुयोइगुसा म्हणतात. ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणे, ‘योइ’ म्हणजे सांजवेळ आणि ‘कुसा’, जे समासात ‘गुसा’ होते, म्हणजे गवत किंवा लहान रोप. तेव्हा सांजेची वाट पाहणारे रोप असा या नावाचा अर्थ. या रोपावर जपानमध्ये कविता झाल्या, गाणी झाली, फुजी पर्वताशी त्याचे नाव जोडले गेले, आणि ते आपल्याच मातीतले आहे असे पुष्कळ जपानी लोकांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात मात्सुयोइगुसाची एकही जात मूळची जपानची नाही. सगळ्या जाती गेल्या पावणेदोनशे वर्षांत बाहेरून आल्या, आणि त्यांतली जी सर्वांत मोठ्या फुलाची जात आहे तिला तर निसर्गात मूळ गाव असे कोठेच सापडत नाही. ती युरोपातल्या बागांमध्ये दोन अमेरिकी जातींच्या संकरातून जन्मली असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. संकरातून जन्मलेले रोप माळी नसताना, बियाणे विकणारा नसताना, परक्या नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे उगवत राहते, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. ती कशी घडते हे समजून घेतले की जपानमधला तिचा सगळा प्रवास उलगडत जातो.

प्रथम कुळाची ओळख करून घेऊ. ईनोथेरा हे या वनस्पतींचे शास्त्रीय प्रजातिनाम असून तिच्या सुमारे १४५ जाती आहेत आणि त्या जवळजवळ सर्व मूळच्या उत्तर व दक्षिण अमेरिकेतल्या आहेत. इंग्रजीत त्यांना इव्हनिंग प्रिमरोज म्हणतात, परंतु युरोपातल्या खऱ्या प्रिमरोजशी त्यांचे कसलेही नाते नाही. आपल्याकडे हे नाव बहुतेकांनी औषधाच्या दुकानात ऐकलेले असते, कारण इव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल याच प्रजातीतल्या बियांपासून करतात. त्या तेलात गॅमा लिनोलेनिक आम्ल हे मेदाम्ल असते. या तेलाविषयीचे दावे मोठे असले तरी इसब आणि स्तनांतील वेदना यांवर ते उपयोगी पडते याचा पुरेसा पुरावा नाही, असे ठरवून ब्रिटनने २००२ मध्ये त्याचा औषध म्हणून दिलेला परवाना काढून घेतला. कोकणातल्या भातखाचरांच्या कडेला पावसाळ्यात चार पिवळ्या पाकळ्यांची, लवंगेच्या आकाराच्या फळांची जी पाणलवंग उगवते, ती याच कुळातली आहे. आपल्या बांधावर ईनोथेरा नसली, तरी तिची भावकी तेथे आहे.

जपानमध्ये या प्रजातीचे पहिले पाऊल १८५१ च्या सुमारास पडले. अमेरिकी आरमाराची काळी जहाजे एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागरात येण्यास तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. आलेली जात होती चिली आणि अर्जेंटिनाकडची ईनोथेरा स्ट्रिक्टा. बागेतले शोभेचे रोप म्हणून ती आणली गेली आणि मात्सुयोइगुसा हे नाव प्रथम तिलाच मिळाले. तिची पाने अरुंद असतात, पानाची मधली शीर पांढरी उठून दिसते आणि कोमेजताना पिवळे फूल तांबूस होते. त्याच काळात मेक्सिकोकडची ईनोथेरा टेट्राप्टेरा आली. तिचे फूल पांढरे. संध्याकाळी शुभ्र उमलते आणि पहाटेपर्यंत गुलाबी होऊन सुकते. तिला त्सुकिमिसो, म्हणजे चंद्र पाहणारे रोप, असे नाव पडले. शरदातला पूर्ण चंद्र पाहण्याच्या जपानी प्रथेला ‘त्सुकिमि’ म्हणतात. आपल्या कोजागरीची आठवण व्हावी अशीच ती प्रथा आहे, आणि ते नाव या फुलाला शोभले. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, मोठ्या फुलाची ईनोथेरा ग्लाझिओव्हियाना आली. जपानीत ‘ओओ’ म्हणजे मोठे, म्हणून ती ओओमात्सुयोइगुसा. त्याच काळात उत्तर अमेरिकेतली लहान फुलाची ईनोथेरा बायेनिस, अर्थात मेमात्सुयोइगुसा, येऊन पोहोचली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जमिनीलगत पसरणारी, कातरलेल्या पानांची ईनोथेरा लॅसिनिएटा, अर्थात कोमात्सुयोइगुसा, हीसुद्धा दाखल झाली होती.

यापुढे नावांचा जो गोंधळ झाला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. पांढऱ्या फुलाची खरी त्सुकिमिसो नाजूक निघाली. ती बागेबाहेर फारशी टिकली नाही आणि आज क्वचितच दिसते. पिवळ्या फुलांच्या जाती मात्र कुंपण ओलांडून रानोमाळ झाल्या. लोकांना नाव आठवत होते पण रोप दिसत नव्हते, तेव्हा चंद्र पाहणारे ते सुंदर नाव हळूहळू पिवळ्या फुलांकडे गेले. आज जपानी माणूस त्सुकिमिसो म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांसमोर पिवळे फूलच असते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण साहित्यातले आहे. दाझाई ओसामू हे कादंबरीकार १९३८ च्या शरद ऋतूत फुजी पर्वतासमोरच्या मिसाका खिंडीतल्या एका चहाच्या दुकानात मुक्कामाला होते, आणि त्या दिवसांवर आधारलेले त्यांचे ‘फुगाकु ह्याक्केइ’ हे लेखन १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. फुजीला त्सुकिमिसो शोभून दिसते, हे त्यातले वाक्य आज जपानमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते आणि त्या खिंडीत ते दगडावर कोरलेले आहे. बसमधले सगळे प्रवासी फुजीकडे पाहत असताना एक वृद्धा त्याकडे पाठ करून रस्त्याकडेच्या फुलाकडे बोट दाखवते, असा तो प्रसंग आहे. त्या फुलाचा रंग लेखकाने सोनेरी सांगितला आहे. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते मात्सुयोइगुसांपैकी एक होते, खरी त्सुकिमिसो नव्हे. मला यातला पुढचा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. निवेदक ओंजळभर बिया गोळा करून आणतो आणि चहाच्या दुकानाच्या परसात पेरतो. परदेशी वनस्पती नव्या भूमीत पसरतात त्या नेहमी जहाजांच्या तळाशी चिकटून किंवा धान्यात मिसळूनच येतात असे नाही. पुष्कळदा त्या कोणीतरी आवडीने मुठीतून नेलेल्या असतात.

चित्रकार आणि कवी ताकेहिसा युमेजी यांनी तर नावातले दोन शब्द उलटे करून ‘योइमाचिगुसा’ असे रूप घडवले. न येणाऱ्या माणसाची वाट पाहण्याविषयीची त्यांची ती छोटी कविता १९१२ ची. पुढे तिला चाल लागली आणि ती देशभर गायली गेली, इतकी की आता पुष्कळ लोक उलटे रूपच खरे नाव समजतात. आणि १९७५ मध्ये नोमुरा कात्सुया या बेसबॉलपटूने सहाशेवा होमरन मारल्यावर सांगितले, की ओ आणि नागाशिमा हे सूर्यफूल आहेत आणि आपण जपानी समुद्राच्या किनाऱ्यावर निमूट उमलणारी त्सुकिमिसो आहोत. ओ आणि नागाशिमा हे त्या काळचे सर्वांत लोकप्रिय खेळाडू होते. सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतून आलेले रोप एका जपानी खेळाडूला स्वतःच्या आयुष्याची उपमा म्हणून सहज सुचावे, यातच ते किती खोल रुजले होते हे दिसते.

आता फुलाच्या रचनेकडे वळू, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. चार निदले, चार पाकळ्या, आठ पुंकेसर आणि टोकाला चार फाटे फुटून फुलीसारखी दिसणारी कुक्षी अशी ही मांडणी. पाकळ्यांच्या खाली एक लांब, बारीक नळी असते आणि मध तिच्या तळाशी असतो. तेथपर्यंत पोहोचायचे तर लांब सोंड हवी, आणि ती असते हॉकमॉथ या गटातल्या धष्टपुष्ट पतंगांकडे. हे पतंग फुलावर न बसता समोर हवेत तरंगत मध पितात. रताळ्याच्या वेलावर ज्याच्या जाडजूड अळ्या सापडतात तो हॉकमॉथ जपानप्रमाणे महाराष्ट्रातही आहे. फिकट रंग, गोड वास आणि संध्याकाळी उमलण्याची वेळ हे सगळे अशा पाहुण्यांसाठी आहे. ईनोथेराच्या परागकणांचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ते सुटे नसतात. चिकट, अतिशय बारीक धाग्यांनी ते एकमेकांत गुंतलेले असतात. पुंकेसराला बोट लावले तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू बोटाबरोबर ओढले जातात. पतंगाचा नुसता स्पर्श झाला तरी परागांची लडच्या लड त्याच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलाकडे जाते.

मोठ्या फुलाच्या जातीत कुक्षी पुंकेसरांच्या बरीच पुढे आलेली असते. येणारा पतंग आधी कुक्षीला घासतो, दुसऱ्या फुलाचे पराग तेथे ठेवतो आणि मग या फुलाचे पराग घेतो. लहान फुलाच्या मेमात्सुयोइगुसामध्ये कुक्षी पुंकेसरांच्या पातळीवरच असते आणि कळी उमलण्याआधीच पराग तिच्यावर पडू लागतात. पतंग आला तर ठीक, न आला तरी बी धरणारच. हा लहानसा फरक लक्षात ठेवावा; शेवटी तो उपयोगी पडणार आहे.

आता मुख्य कोडे. कपाशी किंवा भाजीपाल्याचे संकरित बियाणे वापरणाऱ्या आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. संकरित बियाण्याची पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी येते, पण त्या पिकाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर एक झाड आजोबांसारखे, दुसरे आजीसारखे, तिसरे भलतेच अशी सरमिसळ उगवते. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. ओओमात्सुयोइगुसा संकरातून जन्मली, तर तिचीही दुसऱ्याच पिढीत अशी फाटाफूट व्हायला हवी होती. तसे होत नाही. तिचे बी लावले की आईसारखेच रोप उगवते.

या कोड्यावर विज्ञानाने जवळजवळ अर्धे शतक खर्च केले आहे, आणि त्याची सुरुवात जपानपासून फार दूर झाली. १८८६ मध्ये ह्यूगो द व्ह्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाला हिल्व्हरसुम गावाजवळच्या एका पडीक बटाट्याच्या शेतात, बागेतून निसटून पसरलेली ही मोठ्या फुलाची ईनोथेरा दिसली. तो तिला ईनोथेरा लामार्कियाना म्हणत असे. त्या शेतातली बहुतेक रोपे अगदी सारखी होती, पण मधूनच एखादे रोप अचानक वेगळे दिसे, आणि त्याचे बी लावल्यास ते वेगळेपण पुढे चालू राही. द व्ह्रीसने वर्षानुवर्षे सुमारे पन्नास हजार रोपे वाढवून पाहिली; त्यांत सुमारे आठशे अशी वेगळी निघाली. कोणी बुटके, कोणी लाल शिरांचे, तर ‘गिगास’ नावाचे दांडगे आणि जाडजूड. नव्या जाती हळूहळू घडत नाहीत, त्या एका उडीत जन्मतात, असा निष्कर्ष त्याने काढला आणि त्या उडीला उत्परिवर्तन म्हटले. त्याचा ‘दी मुटात्सिओन्सथेओरी’ हा ग्रंथ १९०१ ते १९०३ या काळात प्रसिद्ध झाला आणि उत्परिवर्तन हा शब्द जीवशास्त्रात कायमचा रुजला. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम १९०० मध्ये जगापुढे आणणाऱ्यांपैकी हाच एक शास्त्रज्ञ होता. शब्द टिकला, पण ज्या रोपावरून तो आला त्या रोपात प्रत्यक्षात काहीतरी निराळेच चालले होते, हे पुढच्या शास्त्रज्ञांनी उलगडले. जर्मनीत ओटो रेनर यांनी १९१० च्या दशकात आणि अमेरिकेत राल्फ क्लेलँड यांनी १९२० च्या दशकापासून ते काम केले.

ते समजण्यासाठी मंगळागौरीच्या खेळांची मदत घेऊ. सर्वसाधारण सजीवांत पराग किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रे जोडीजोडीने एकत्र येतात. आईकडून आलेले एक आणि वडिलांकडून आलेले त्याच्या जोडीचे एक. ही झाली फुगडी. ईनोथेराच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, म्हणजे एका वेळी सात फुगड्या व्हायला हव्यात. फुगडी सुटली की प्रत्येक जोडीतली एक या बाजूला आणि एक त्या बाजूला जाते. कोणत्या जोडीतली कोण कोठे जाईल हे प्रत्येक फुगडीत स्वतंत्रपणे ठरते, त्यामुळे आईकडची आणि वडिलांकडची गुणसूत्रे पिसलेल्या पत्त्यांसारखी मिसळतात. संकरित बियाण्याची दुसऱ्या पिढीत जी फाटाफूट होते ती याच मिसळण्यामुळे.

ओओमात्सुयोइगुसामध्ये मात्र फुगडीऐवजी फेर धरला जातो. या प्रजातीच्या इतिहासात गुणसूत्रांच्या टोकांकडच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे एका गुणसूत्राचे उजवे टोक एकीशी जुळते आणि डावे टोक दुसरीशीच. ज्या टोकाशी जुळते तेथे हात धरायचा, असा नियम असल्यावर हात धरत धरत १२ गुणसूत्रांचा एक मोठा फेर तयार होतो आणि उरलेल्या दोघींची तेवढी एक फुगडी राहते. त्या फेरात आईकडचे एक, वडिलांकडचे एक, पुन्हा आईकडचे एक, अशी आलटून पालटून मांडणी असते. समजा आईकडच्या साऱ्याजणी हिरव्या साडीत आणि वडिलांकडच्या साऱ्याजणी पिवळ्या साडीत आहेत. फेर सुटताना एक सोडून एक अशा रीतीने त्या दोन बाजूंना जातात, म्हणजे सगळ्या हिरव्या एकीकडे आणि सगळ्या पिवळ्या दुसरीकडे. सरमिसळ जवळजवळ होतच नाही. सहा-सहा गुणसूत्रांचे हे गट अखंड वस्तूसारखे पुढच्या पिढीत जातात. ओओमात्सुयोइगुसाच्या दोन संचांना रेनर यांनी ‘गॉडन्स’ आणि ‘व्हेलन्स’ अशी लॅटिन नावे दिली.

एवढ्याने कोडे पुरते सुटत नाही. पराग हिरवा किंवा पिवळा, बीजांडही हिरवे किंवा पिवळे. तेव्हा चार बियांमागे एक हिरवी-हिरवी, एक पिवळी-पिवळी आणि दोन मिश्र अशा बिया धरायला हव्यात, आणि त्या तीन प्रकारांची तीन निराळी रोपे दिसायला हवीत. येथे दुसरी व्यवस्था कामाला येते. दोन्ही संचांत एकेक घातक जनुक आहे, पण निरनिराळ्या जागी. मिश्र बीमध्ये एका संचातल्या बिघाडाला दुसऱ्या संचातली निरोगी प्रत सावरून घेते. दोन्ही संच सारखेच असतील तर सावरणारे कोणी उरत नाही आणि तो गर्भ बीमध्येच मरतो. म्हणून चार बियांपैकी दोन वाया जातात आणि ज्या दोन जगतात त्या नेमक्या आईसारख्या मिश्र असतात. संकराचा जोम टिकतो आणि रूपही बदलत नाही. त्याची किंमत मात्र निम्म्या बियांची असते. निसर्गातल्या हिशेबांत एवढी मोठी किंमत रोख मोजून मिळवलेली स्थिरता मला दुसरीकडे फारशी आढळलेली नाही.

द व्ह्रीसला दिसलेली वेगळी रोपे कोठून आली हेही यावरून कळते. क्वचित फेर नीट सुटत नाही आणि एखादे गुणसूत्र जास्तीचे चुकीच्या बाजूला जाते, किंवा दोन संचांमध्ये एखादा तुकडा बदलला जाऊन आजवर झाकलेला गुण उघड होतो. ‘गिगास’ रोपात तर गुणसूत्रांची संख्याच दुप्पट, म्हणजे २८ झालेली होती. शेतात नव्या जाती जन्मत नव्हत्या. जुन्या संकराची शिवण कोठेकोठे उसवत होती.

या जातीच्या शास्त्रीय नावाची कथाही तिच्या बेघरपणाला साजेशी आहे. ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या ग्लाझिऊ या फ्रेंच उद्यानतज्ज्ञाने तेथे गोळा केलेल्या नमुन्यांवरून १८७५ मध्ये तिचे वर्णन झाले आणि त्याच्या नावावरून ती ग्लाझिओव्हियाना झाली. पण ब्राझीलमध्येही ती बाहेरूनच आली होती. अमेरिकी पूर्वज, युरोपात जन्म, ब्राझीलमधून नाव, आणि सर्वांत अधिक माया मिळाली ती जपानमध्ये.

जपानमध्ये तिला जागाही आयती मिळाली. तेथील नद्या डोंगरांतून वेगाने उतरतात आणि पुरानंतर गोटे व वाळूची उघडी मैदाने मागे ठेवतात. रेल्वेचे नवे भराव, बंदरांलगतच्या भरणीच्या जमिनी, बांधकामासाठी खणलेले भूखंड हीसुद्धा अशीच उघडी ठिकाणे. ईनोथेराच्या या जाती द्विवर्षायू असतात. पहिल्या वर्षी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात, मुळ्यासारखे मूळ खोल जाते, हिवाळा त्याच स्थितीत काढला जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात मधून उंच दांडा निघून फुले येतात. दाट गवतात हे चक्र सावलीत सापडते आणि मरते. उघड्या जमिनीवर त्याला शह देणारे कोणी नसते. बियांना उगवण्यासाठी प्रकाश लागतो, आणि तो मिळेपर्यंत त्या मातीत पडून राहू शकतात. किती काळ, याचे उत्तर एका प्रसिद्ध प्रयोगात मिळते. अमेरिकेतल्या मिशिगन येथे विल्यम बील यांनी १८७९ मध्ये तणांच्या बिया बाटल्यांत भरून पुरून ठेवल्या होत्या. ८० वर्षांनी काढलेल्या बाटलीतल्या ईनोथेरा बायेनिसच्या काही बिया तेव्हाही उगवल्या. म्हणून एखाद्या भूखंडावरून हे रोप दिसेनासे झाले म्हणजे ते गेले असे होत नाही. पुन्हा कोणी माती उकरली की ते परत येते.

आज मात्र ओओमात्सुयोइगुसा पूर्वीइतकी दिसत नाही. नदीकाठांवर आणि पडीक जागांवर तिच्या जागी बहुतेक ठिकाणी लहान फुलाची मेमात्सुयोइगुसा उभी असते. मागे सांगितलेला फरक येथे कामी येतो. मेमात्सुयोइगुसामध्येही गुणसूत्रांचा फेर आहे, पण तिच्यात एक संच मुख्यतः बीजांडातून आणि दुसरा परागातून पुढे जातो, त्यामुळे सारख्या संचांच्या बिया मुळात फारशा धरल्याच जात नाहीत आणि मोठ्या बहिणीसारखी निम्म्या बियांची नासाडी होत नाही. शिवाय तिला पतंगांची वाट पाहावी लागत नाही. बोंडामागे शंभराहून अधिक बिया आणि त्यांतल्या बहुतेक सशक्त, असा हिशेब असल्यावर एकटे रोपही दोन-चार वर्षांत अख्खा भराव व्यापू शकते. सांजेची वाट पाहणारी म्हणून जिला लोकांनी गाण्यात घेतले ती मागे पडली, आणि जिला कोणाचीच वाट पाहावी लागत नाही ती पुढे गेली.

या वनस्पती उपद्रवी आहेत का, या प्रश्नाला एकच उत्तर देणे योग्य होणार नाही. परकीय आक्रमक जातींविषयीचा जपानचा कायदा २००४ मध्ये संमत झाला आणि २००५ पासून लागू झाला. त्यातल्या सर्वांत कडक यादीतली वनस्पती लावणे, विकणे किंवा जिवंत स्थितीत वाहून नेणे हा गुन्हा आहे. रस्त्याकडेला हौसेने लावलेली पिवळी कोरिऑप्सिस या यादीत आहे आणि पाणलवंगेची दक्षिण अमेरिकी बहीण असलेली एक पाणवनस्पतीही आहे. मात्सुयोइगुसा तेथे नाही. मात्र २०१५ मध्ये सरकारने प्रसिद्ध केलेल्या, परिसंस्थेला हानी पोहोचवणाऱ्या परकीय जातींच्या यादीत कोमात्सुयोइगुसाचा समावेश अग्रक्रमाने उपाय करायच्या जातींत आहे. त्याचे कारण तिच्या आवडत्या जागेत आहे. ती वाळूत पसरते, आणि जपानचे वालुकामय किनारे ही तेथील खास वनस्पतींची अरुंद, उरलीसुरली वसतिस्थाने आहेत. तोत्तोरी येथील वाळूच्या टेकड्या १९५५ पासून नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहेत. किनाऱ्यावर झाडी लावल्यानंतर तेथे वाळूचे वाहणे मंदावले आणि तण वाढू लागले. त्या तणांत कोमात्सुयोइगुसाही आहे, आणि वाळू वाळूच राहावी म्हणून स्वयंसेवक उन्हात ती हातांनी उपटतात. शहरातल्या पडीक भूखंडावरचे तेच रोप दोन-तीन वर्षांत गवताखाली आपोआप दबून जाते. तेव्हा रोप कोणते यापेक्षा ते कोठे उगवले आहे हे पाहूनच त्याचा न्याय करावा, असे माझे मत आहे.

आपल्यालाही हा प्रश्न नवा नाही. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आपण परके म्हणून ओळखतो आणि उपटतो. संध्याकाळी उमलणारी, हॉकमॉथ पतंगांना बोलावणारी गुलबक्षीदेखील अमेरिकेतूनच आली, पण तिला आपण दारातली मानतो. जपानमध्ये गुलबक्षीचे एक जुने नाव ‘युगेशो’, म्हणजे सांजेचा साजशृंगार, असे आहे, आणि तेच नाव तेथे रानोमाळ झालेल्या गुलाबी फुलांच्या ईनोथेरा रोझियालाही मिळाले आहे. ही रोझिया भारतातही निलगिरीत आणि हिमालयाच्या उतारांवर रानात रुजली आहे.

जपानच्या नदीकाठी ऑक्टोबर संपता संपता मात्सुयोइगुसाचे दांडे वाळून तपकिरी होतात आणि बोंडे टोकाकडून चार फाकांत उकलतात. फुले नसताना मोठ्या फुलाची जात ओळखायची झाली तर देठावरच्या केसांकडे पाहावे. त्यांच्या बुडाशी लालसर ठिपके असतात. अशा रोपाचे एखादे बोंड तळहातावर झाडले तर काळपट, कोनाकोनांचे बारीक दाणे पडतात, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे नखाखाली दाबताच पोकळ लागतात.